चंद्र टिपायचा, तर आधी ट्रायपॉड पाहा

पिंपरी : कोजागरीच्या रात्री मोशी, चिखली, निगडी-प्राधिकरणातील सोसायट्यांच्या गच्च्यांवर आटीव दुधाची पातेली चढतात आणि त्यांच्याबरोबर मोबाइल फोनही आकाशाकडे वळतात. क्षणभरात पडद्यावर जे उमटते, ते पाहून बहुतेकांचा हिरमोड होतो. डोळ्यांना एवढा देखणा दिसणारा चंद्र छायाचित्रात पथदिव्यासारखा भगभगीत येतो आणि त्यावरचे डाग, विवरे काहीच दिसत नाही. मोठी लेन्स घेण्याची इच्छा बहुधा अशाच रात्री जन्म घेते. दिवाळीच्या बोनसचे बेत त्याच सुमारास घरोघर चालू असल्याने ही इच्छा दुकानापर्यंत पोहोचायलाही वेळ लागत नाही.

गडबड होते ती तेथेच. सारे लक्ष लेन्सवर असते. लाखाच्या घरातील लेन्स घेतल्यावर खिशात जे उरते, त्यात मिळेल तो ट्रायपॉड उचलला जातो. पुढची कित्येक महिने चित्रे पुसट येत राहतात आणि दोष लेन्सला दिला जातो. चंद्राच्या छायाचित्रणात हा क्रम उलटा असायला हवा. आधी स्थैर्य पाहावे, मग लेन्सची लांबी.

गेलेले तारे, राहिलेला चंद्र

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातील रहिवाशांनी रात्रीचे आकाश बरेचसे गमावले आहे. कारखान्यांच्या आवारातील दिवे, महामार्गावरील झगमगाट आणि हवेतील धूळ यांमुळे आकाशगंगेचा पट्टा येथून दिसणे दुरापास्तच. त्यामुळे खगोलीय छायाचित्रण म्हटले की गाडी काढून शहराबाहेर साठ-सत्तर किलोमीटर जावे लागते, अशी समजूत रूढ झाली आहे. ताऱ्यांपुरती ती खरी आहे. चंद्राला मात्र ती लागू पडत नाही.

चंद्र हा रात्रीच्या आकाशात दिसणारा, पण उन्हात पडलेला विषय आहे. त्याच्या पृष्ठभागावर सूर्याचा थेट प्रकाश पडलेला असतो आणि त्यापैकी सुमारे १२ टक्केच तो परावर्तित करतो. वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याचे परावर्तनही साधारण याच जातीचे. म्हणजे पौर्णिमेचा लखलखता चंद्र वास्तविक नाशिक महामार्गाच्या डांबराइतकाच काळपट आहे. भोवतीच्या काळोखामुळे तो चांदीचा भासतो. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा यावरच आधारलेला आहे. पौर्णिमेच्या चंद्रासाठी अॅपर्चर एफ/११ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याएवढा घ्यावा. आयएसओ १०० असेल तर एक शतांश सेकंद. एवढ्या अल्प वेळेत शहराच्या उजेडाचा चित्रावर काहीच परिणाम होत नाही. फोन चुकतो तो नेमका याच ठिकाणी. काळेभोर आकाश पाहून तो अंधार पडला असे समजतो, जास्त प्रकाश आत घेतो आणि चंद्र जळून पांढरा होतो.

लांबी किती हवी?

चंद्राचा आकाशातील व्यास अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. त्यावरून एक सोपे गणित निघते. लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंथ, ११० ने भागले की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने ही प्रतिमा २.७ मिलिमीटरची होते, ६०० ने साडेपाच, तर १००० ने ९ मिलिमीटर. हौशी डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्यात बहुधा आढळणाऱ्या एपीएस-सी सेन्सरची उंची सुमारे १५ मिलिमीटर असते. याचा अर्थ ३०० मिलिमीटरच्या लेन्सने चंद्र चौकटीच्या उंचीचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो.

म्हणून ३०० ची लेन्स निरुपयोगी ठरते का? नाही. २४ मेगापिक्सलच्या अशा सेन्सरवर एक पिक्सल सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. त्या हिशेबाने ३०० मिलिमीटरला चंद्राचा व्यास ७०० पिक्सलच्या घरात येतो. कडेचे आकाश कापून टाकले तर वर्तमानपत्रात छापण्याजोगे किंवा पोस्टकार्डाच्या आकाराचे चित्र सहज मिळते. ज्याच्याकडे ७०-३०० ची लेन्स आधीच आहे, त्याने पहिली सहा महिने दुसरे काहीही घेऊ नये, हे उत्तम.

त्यापुढची पायरी १५०-६०० मिलिमीटरच्या झूम लेन्सची. टॅमरॉन आणि सिग्मा या दोन्ही कंपन्यांनी गेल्या दशकात या प्रकारच्या लेन्स बाजारात आणल्या आणि पक्षी टिपणाऱ्यांत त्या विशेष लोकप्रिय झाल्या. निकॉनची २००-५०० ही त्याच पंक्तीतील. या लेन्सचे वजन दोन ते सव्वादोन किलोच्या आसपास असते. कॅमेरा धरून तीन किलो. हा आकडा लक्षात ठेवावा. ट्रायपॉडची निवड त्यावरच ठरणार आहे. टेलिकन्व्हर्टर लावून लांबी वाढवता येते, पण १.४ पटीच्या कन्व्हर्टरने प्रकाश निम्मा होतो आणि दोन पटीच्या कन्व्हर्टरने चौथाई. तेवढ्या प्रमाणात शटर मंदावते.

दुकानात हमखास पुढे केला जाणारा पर्याय म्हणजे एकाच डब्यात प्रचंड झूम असलेला कॅमेरा. निकॉनच्या २०१८ मधील पी १००० या कॅमेऱ्यावर ३००० मिलिमीटर असा आकडा सांगितला जातो. हा ‘समतुल्य’ आकडा आहे. प्रत्यक्ष नाभीय अंतर ५३९ मिलिमीटरच आहे. सेन्सर नखाएवढा असल्याने चंद्र चौकटीबाहेर जाण्याइतका मोठा दिसतो. हा कॅमेरा वाईट नाही. लांब लेन्स आणि ट्रायपॉड मिळून होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत तो सोयीचा आणि घरातील इतरांनाही वापरता येणारा आहे. मात्र ३००० विरुद्ध ६०० अशी तुलना करून लेन्स घेणाऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही. बारीक तपशील किती वेगळा दिसेल, हे पुढच्या भिंगाच्या व्यासावर अवलंबून असते. पी १००० मध्ये तो सुमारे ६७ मिलिमीटर आहे, तर एफ/६.३ च्या ६०० मिलिमीटर लेन्समध्ये ९५.

ज्याला केवळ चंद्र आणि ग्रहच टिपायचे आहेत, त्याने लेन्सचा नाद सोडून लहान दुर्बिणीचा विचार करावा, असेच म्हणावे लागेल. १२७ मिलिमीटर व्यासाच्या, १५०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या माक्सुतोव्ह दुर्बिणीला टी-रिंग नावाचे कडे लावून कॅमेरा जोडता येतो. प्रतिमा १३.६ मिलिमीटरची पडते. म्हणजे एपीएस-सीची चौकट जवळजवळ भरते. पक्षी, क्रिकेट, गणपतीची मिरवणूक यांसाठी मात्र तिचा काडीचा उपयोग नाही.

पौर्णिमेपेक्षा अष्टमी

पौर्णिमेचा चंद्र छायाचित्रासाठी सर्वांत सोपा आणि सर्वांत सपाट. सूर्य त्यावेळी चंद्राच्या थेट समोर असल्याने तेथील डोंगरांना सावल्याच पडत नाहीत. खरी मौज शुद्ध सप्तमी ते दशमी या दिवसांत असते. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा उन्हात उजळलेल्या आणि तळ सावलीत बुडालेले दिसतात. अष्टमीला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास डोक्यावर आलेला असतो, त्यामुळे जागरणही घडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असलेल्यांसाठी ही सोय मोठीच. पुढच्या एक-दोन दिवसांत ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर उजेडात येते आणि ३०० मिलिमीटरच्या लेन्समध्येही ओळखू येते. चांद्रयान-३ चे यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले तो दक्षिण ध्रुवाजवळचा विवरांनी भरलेला प्रदेशही या दिवसांत उठून दिसतो. यान अर्थातच दिसत नाही. पृथ्वीवरील कोणत्याही लेन्समधून ते दिसणार नाही.

पण सावल्यांची ही चैन फुकट नसते. अर्ध्या चंद्राचा पृष्ठभाग पौर्णिमेच्या तुलनेत बराच मंद असतो. ठोकताळ्यातील एफ/११ च्या जागी एफ/५.६ येतो, म्हणजे चौपट प्रकाश लागतो. पौर्णिमेला ६०० मिलिमीटरच्या लेन्सने एफ/६.३ आणि आयएसओ १०० ठेवून तीनशेव्या हिश्श्याचे शटर मिळत असेल, तर अष्टमीला ते ऐंशीव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. चतुर्थीची कोर त्याहून मंद. (भाद्रपदातील चतुर्थीची कोर टिपावी की नाही, हा प्रश्न ज्याने त्याने घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून सोडवावा.) पौर्णिमेचा चंद्र आयएसओ थोडा वाढवून, थरथर रोखणाऱ्या लेन्सने हातात धरूनही टिपता येतो, हे मान्य करायला हवे. अष्टमीला तसे जमत नाही, आणि पाहण्यासारखे जे आहे ते अष्टमीलाच आहे.

दीड मायक्रॉनचा प्रश्न

थरथर किती चालते, याचे उत्तर भोसरी-चाकणच्या वाचकांना चटकन कळेल अशा मापात देता येते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर चित्र एका पिक्सलने सरकायचे असेल, तर पाव मीटर लांबीच्या लेन्सचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या मानाने सुमारे दीड मायक्रॉन हलले की पुरे. कार्यशाळेतील साध्या मायक्रोमीटरचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन असते. ज्या हालचालीने चित्र बिघडते, ती त्या मापाच्याही सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढी आहे. प्लास्टिकचे सांधे असलेला, हात लावताच डोलणारा ट्रायपॉड या कसोटीवर टिकेल, ही अपेक्षाच चुकीची.

ट्रायपॉड निवडताना त्यावर लिहिलेल्या भारक्षमतेवर विसंबू नये. पाच किलो पेलण्याचा अर्थ पाच किलोखाली तो मोडणार नाही इतकाच. तो हलणार नाही असे त्यात कोणी म्हटलेले नसते. तीन किलोच्या सामग्रीसाठी लिहिलेली क्षमता निदान दुप्पट-तिप्पट असावी. पायांच्या नळ्या जाड हव्यात. पायाचे जितके तुकडे तितके सांधे, आणि जितके सांधे तितकी लवचीकता. म्हणून चार-पाच तुकड्यांच्या सुटसुटीत ट्रायपॉडपेक्षा तीन तुकड्यांचा ट्रायपॉड अवजड असला तरी सरस ठरतो. मधला दांडा वर खेचला की तीन पायांचा आधार संपून एका काठीचा आधार उरतो, त्यामुळे तो खालीच राहू द्यावा. उंची कमी पडली तर खुर्चीवर बसून काम करावे. कार्बन फायबरचा ट्रायपॉड हलका असतो आणि कंप लवकर शमवतो, परंतु सामान पाठीवर घेऊन डोंगर चढायचा नसेल तर ॲल्युमिनियमच्या भक्कम ट्रायपॉडने काही अडत नाही. उलट गच्चीवर वजन उपयोगीच पडते.

वरचे हेड हा स्वतंत्र विषय आहे. बॉल हेड झटपट वळते, पण स्वस्त बॉल हेड घट्ट आवळल्यावरही लांब लेन्सच्या भाराने किंचित खाली सरकते आणि नेमका जुळवलेला चंद्र चौकटीतून निसटतो. आडवी, उभी आणि तिरकी हालचाल वेगवेगळ्या दांड्यांनी करणारे तीन दिशांचे हेड जुन्या वळणाचे वाटले तरी या कामाला अधिक योग्य. चंद्र आपल्याच व्यासाइतके अंतर सव्वादोन मिनिटांत ओलांडतो, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी जुळवणी करावीच लागते. लांब लेन्स कॅमेऱ्याच्या तळाशी नव्हे, तर लेन्सच्या स्वतःच्या कॉलरवर बसवावी, म्हणजे तोल मधोमध राहतो.

दुकानात करण्याजोगी एक चाचणी आहे. आपली सर्वांत लांब लेन्स बरोबर न्यावी, ट्रायपॉडवर चढवावी, समोरच्या एखाद्या पाटीवर रोखून लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करावा आणि ट्रायपॉडच्या पायावर बोटाने टिचकी मारावी. पडद्यावरील अक्षरे किती सेकंदांत स्थिरावतात ते मोजावे. एक-दोन सेकंदांत स्थिर झाली तर ट्रायपॉड घ्यावा. चार-पाच सेकंद डोलत राहिली तर किंमत कितीही आकर्षक असो, तो परत ठेवावा. जुन्या बाजारातील दणकट ट्रायपॉड या चाचणीत नव्या चकचकीत ट्रायपॉडला अनेकदा मागे टाकतो.

गच्चीही हलते

ट्रायपॉड कितीही चांगला असला तरी तो ज्यावर उभा आहे ते हलत असेल तर उपयोग काय? काँक्रीटचा स्लॅब मध्यभागी सर्वाधिक लवतो आणि खांब-तुळईजवळ सर्वांत कमी. म्हणून गच्चीच्या मध्यभागी मांड ठोकण्यापेक्षा खांबावरचा कोपरा गाठावा. लिफ्टची खोली, पाण्याचा पंप, जनरेटर यांच्यापासून दूर राहावे, आणि चित्र घेताना भोवतालच्यांना न चालण्याची विनंती करावी. कोजागरीला ती कोणी मानणार नाही. अवजड वाहने रात्रभर धावणाऱ्या रस्त्याकडेच्या इमारतीत वरच्या गच्चीपेक्षा आवारातील जमीन बरी. फोर्जिंगच्या हॅमरला वेगळा पाया का देतात आणि यंत्राखाली रबरी पॅड का घालतात, हे या परिसरात कोणाला समजावून सांगायला नको. तेच पॅड ट्रायपॉडच्या तीन पायांखाली ठेवता येतात.

बाकीची काळजी कॅमेऱ्याची. शटर बोटाने न दाबता केबल रिलीज किंवा टायमर वापरावा. दोन सेकंदांपेक्षा दहा सेकंदांचा टायमर अधिक भरवशाचा. डीएसएलआरमध्ये आरसा उचलला जाताना बसणारा झटका लांब लेन्सवर स्पष्ट दिसतो, तेव्हा मिरर लॉक-अप चालू करावे. गळ्यातला पट्टा काढून ठेवावा, कारण वाऱ्यात तो फडफडत राहतो. लेन्समधील थरथर रोखणारी यंत्रणा ट्रायपॉडवर बंद केलेली बरी. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये विवराच्या कडेवर हाताने जुळवावा. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये.

एवढे करूनही चंद्र पाण्याखाली असल्यासारखा लहरत असेल, तर तो हवेचा प्रताप समजावा. दिवसभर तापलेले पत्रे आणि काँक्रीट संध्याकाळी उष्णता सोडतात आणि त्यातून वर जाणारी गरम हवा प्रतिमा डळमळवते. कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडवरून दिसणारा, क्षितिजालगतचा चंद्र त्यामुळे कधीच रेखीव येत नाही. तो निदान ४०-४५ अंश वर येईपर्यंत थांबावे. चंद्रावर एक किलोमीटर लांबीची वस्तू पृथ्वीवरून जेमतेम अर्ध्या विकलेची दिसते, आणि शहरातील हवा दोन-तीन विकलांपलीकडचा तपशील बहुधा दाखवतच नाही. म्हणजे चार-पाच किलोमीटरपेक्षा लहान विवरांची आशा एका चित्रात धरू नये.

एका चित्रात म्हणण्याचे कारण आहे. पुण्याच्या प्रथमेश जाजू याने वयाच्या सोळाव्या वर्षी, ३ मे २०२१ च्या पहाटे टिपलेल्या चंद्राची देशभर चर्चा झाली. त्याने पाच इंची दुर्बीण, साधा बार्लो, ट्रॅकिंगचा माउंट आणि लहानसा खगोलीय कॅमेरा वापरून चंद्राचे तुकड्या-तुकड्यांनी व्हिडिओ घेतले आणि त्यांतील पन्नास हजारांहून अधिक चौकटी एकत्र करून एकच चित्र सिद्ध केले. हवा क्षणभर स्थिर होते तेव्हाच्या चौकटी निवडून त्यांची सरासरी काढायची, हे त्यामागचे तत्त्व. ऑटोस्टॅकर्टसारखी मोफत संगणक प्रणाली ही निवड आपोआप करते. दोन-तीनशे चित्रे किंवा एका मिनिटाचा व्हिडिओ घेऊन हा प्रयोग कोणालाही करता येतो, मात्र त्यासाठी चंद्र तेवढा वेळ चौकटीत स्थिर राहायला हवा. पुन्हा मुद्दा ट्रायपॉडपाशीच येतो. जाजू ज्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा सदस्य, ती पुण्यातील संस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आली आहे.

अलीकडचे काही फोन एका स्पर्शात विवरांसह चंद्र दाखवतात, तेव्हा हा खटाटोप कशाला, असे वाटणे साहजिक आहे. मार्च २०२३ मध्ये एका परदेशी वापरकर्त्याने मुद्दाम धूसर केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून सॅमसंगच्या फोनने टिपले, तेव्हा मुळात नसलेले तपशील फोनच्या चित्रात उमटले. चंद्र ओळखून कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील ठळक केले जातात, असे कंपनीनेही स्पष्ट केले. चित्र सुंदर असते. ते त्या रात्रीचे कितपत, हा प्रश्न उरतो.

ग्रहण आणि चंद्रोदय

दोन प्रसंगी नियम बदलतात. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र हजारो पटींनी मंद होतो आणि शटर सेकंदभर किंवा अधिक उघडे ठेवावे लागते. ६०० मिलिमीटरला एका सेकंदात चंद्र दहा-अकरा पिक्सल सरकतो, त्यामुळे स्थिर ट्रायपॉडही अपुरा पडतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीची ८२ मिनिटांची खग्रास अवस्था ही अशीच परीक्षा होती. अशा वेळी आयएसओ वाढवावा किंवा चंद्राबरोबर फिरणारा ट्रॅकर वापरावा. ट्रॅकर ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि तो येथून क्षितिजावर केवळ साडेअठरा अंशांवर दिसतो. मोशीकरांच्या दृष्टीने सांगायचे तर चाकणच्या उजेडात.

दुसरा प्रसंग चंद्रोदयाचा. चंद्राबरोबर इमारत किंवा शिखर घ्यायचे असेल तर तेच ११० चे गणित कामी येते. वस्तूच्या उंचीला ११० ने गुणले की ती चंद्राएवढी दिसेल ते अंतर मिळते. १५ मीटरच्या शिखरासाठी १,६५० मीटर, माणसासाठी १९० मीटर. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातील १०७ मीटरचा ध्वजस्तंभ चंद्रबिंबात उभा मावायचा असेल तर पावणेबारा किलोमीटर दूर जावे लागेल; तेथून तो धुरक्यात दिसेल का, ही गोष्ट वेगळी. भंडारा डोंगरावरून पूर्वेला महाळुंगे-चाकणच्या शेडवर उगवणारा चंद्र घेण्यासाठी पौर्णिमेऐवजी चतुर्दशी निवडावी. त्या दिवशी चंद्र सूर्यास्तापूर्वीच वर येतो आणि खालची जमीन अजून उजेडात असते.

गर्दीत सरावाचा दिवस हवा असेल तर संकष्टी आहेच. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो, वेळ कॅलेंडरवर छापलेली असते, आणि चिंचवडला मोरया गोसावी मंदिराच्या परिसरात त्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात. पौर्णिमा उलटून गेल्याने त्याच्या एका कडेला सावल्या परतलेल्या असतात. क्षितिजाजवळचा तांबूस रंग उतरायला आणि बिंब वर यायला तास-दोन तास द्यावे लागतात. उपास सोडून पुन्हा गच्चीवर यायला तेवढा वेळ पुरतो.